हेमाडपंत व काळ्या पाषाणाची देवळे

मराठवाड्यातील कोणत्याही खेड्यात जावे, वेशीजवळच्या जुन्या काळ्या देवळाकडे बोट दाखवावे आणि हे देऊळ कोणी बांधले असे पारावर बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींस विचारावे. उत्तर बहुधा एकच मिळते : हेमाडपंताने. देऊळ शिवाचे असो की विष्णूचे, उभे असो की पडके, त्याचा कर्ता ठरलेला. पायऱ्यांची जुनी बारव असली तरी तीही हेमाडपंतीच. डोंगरकड्याहून औंढा नागनाथास सकाळी गेलेला मुलगा सायंकाळी घरी परततो व पाहिलेल्या देवळाविषयी निबंधात हेच एक नाव लिहितो. ज्या माणसाच्या नावावर आपण इतके दगड जमा केले आहेत तो खरोखर कोण होता, आणि या देवळांशी त्याचा संबंध किती, हे आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस थोडक्यात सांगावे असे आम्ही योजिले आहे.

प्रथम दंतकथा सांगून टाकू, कारण ती गोड आहे. लंकेचा राजा बिभीषण आजारी पडला. त्याला बरे करण्यास हेमाडपंत वैद्य गेला. राजा बरा झाला आणि प्रसन्न होऊन त्याने पंतास काय हवे ते मागण्यास सांगितले. पंताने मोडी लिपी मागून घेतली, बाजरीचे बी मागून घेतले, आणि देवळे बांधण्यासाठी राक्षस कारागीर मागून घेतले. ते राक्षस रात्रीच काम करीत. कोंबडा आरवला की हातातला दगड टाकून ते निघून जात, म्हणून कित्येक देवळे अर्धवट राहिली. लहानपणी आम्हीही ही कथा ऐकली होती आणि तिच्यावर विश्वास ठेवला होता. एवढाले दगड माणसांनी कसे उचलले असतील, हे कोडे तिने एका रात्रीत सोडविले होते!

आता इतिहासाकडे वळू. हेमाडपंत हे लोकांच्या तोंडचे नाव. ग्रंथांतील व ताम्रपटांतील नाव हेमाद्रि. तो वत्सगोत्री ब्राह्मण. त्याच्या पित्याचे नाव कामदेव, आज्याचे वासुदेव व पणज्याचे वामन. त्याचा जन्मशक कोणी लिहून ठेवला नाही. पण त्याचा उत्कर्षाचा काळ निश्चित आहे. देवगिरीच्या यादव घराण्यातील महादेव हा राजा इ. स. १२६१ च्या सुमारास गादीवर आला, आणि त्याच्या दरबारी हेमाद्रि श्रीकरणाधिप होता. श्रीकरण म्हणजे राज्याचे दप्तर. गावांची दाने, सारा, करारमदार, अधिकाऱ्यांस जाणारी पत्रे, या सर्वांची नोंद जेथे होई त्या कचेरीचा हा मुख्य. आजच्या भाषेत राज्याचा मुख्य सचिव म्हटले तरी चालेल. त्या काळी देवगिरीचे राज्य तापीपासून कृष्णेच्या खाली दूरवर पसरलेले होते. इतक्या मोठ्या राज्याचे कागद ज्याच्या हातून जातात त्याला झरझर लिहिता येण्याची किती गरज भासत असेल याची कल्पना करावी. हात न उचलता लिहिण्याच्या मोडी लिपीचे जनकत्व परंपरेने हेमाद्रीकडे दिले ते यामुळेच असावे. पत्राच्या आरंभी कोणास कोणता मायना लिहावा याचे नियम सांगणारे मेस्तकही त्याच्याच नावावर चालत आले आहे. लंकेहून लिपी आणल्याची कथा सोडून दिली तरी तिच्या मुळाशी एक कुशल दप्तरदार उभा दिसतो.

परंतु दप्तरदाराचे आयुष्य दप्तराइतके शांत नव्हते. महादेवाच्या पश्चात त्याचा पुत्र आम्मण गादीवर बसला. खरा हक्क आपला, असे महादेवाच्या थोरल्या भावाचा, कृष्णाचा, पुत्र रामचंद्र मानीत होता. देवगिरीचा किल्ला बळाने घेणे अवघड; तेव्हा रामचंद्र व त्याची माणसे नाचगाणे करणाऱ्या मंडळीचा वेष घेऊन आत शिरली, आणि खेळ रंगात आला असता त्यांनी नव्या राजाला पकडले. आम्मणाचे डोळे काढण्यात आले. इ. स. १२७१ मध्ये रामचंद्र राजा झाला. अशा प्रसंगी जुन्या राजाचे प्रधान बहुधा जुन्या राजाबरोबरच जातात. हेमाद्रि मात्र राहिला. राहिला इतकेच नव्हे, तर वर चढला. पुढल्याच वर्षीच्या, म्हणजे शके ११९४ च्या, ठाण्याच्या ताम्रपटात तो राज्याच्या सर्व हत्तीस्वारांचा अध्यक्ष म्हणून दिसतो आणि झाडीमंडळ जिंकल्याचे श्रेयही त्याला दिलेले आढळते. नव्या राजाने त्याला ठेवले ते त्याच्या निष्ठेसाठी, की त्याच्यावाचून राज्याचे दप्तर कोणालाच उलगडेना म्हणून? आमचा कौल दुसऱ्या कारणाकडे आहे.

एवढ्या व्यापात त्याने ग्रंथ लिहिले, हे खरे नवल. त्याचा मुख्य ग्रंथ चतुर्वर्गचिंतामणि. व्रते, दाने, तीर्थे, मोक्ष आणि उरलेले विषय अशी त्याची खंडांची योजना आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने इ. स. १८७३ पासून तो छापण्यास आरंभ केला. त्यातील व्रतखंडाच्या आरंभी यादव राजांची वंशावळ पद्यात दिली आहे. तिच्यावाचून देवगिरीचा इतिहास लिहिणे इतिहासकारांना फार जड गेले असते. त्याच खंडात कोणत्या देवतेस किती हात, कोणत्या हाती कोणते आयुध, वाहन कोणते, याची वर्णने जुन्या ग्रंथांतून वेचून घेतलेली आहेत, आणि प्राचीन मूर्ती ओळखण्यासाठी विद्वान आजही त्यांचा आधार घेतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर त्याने आयुर्वेदरसायन नावाची टीका लिहिली. बिभीषणाला बरा करणारा वैद्य कोठून आला हे आता वाचकांच्या ध्यानी येईल. मुग्धबोध व्याकरणाचा कर्ता बोपदेव हा त्याच्या आश्रयास होता. बोपदेवाच्या मुक्ताफलावर हेमाद्रीने स्वतः टीका केली. आश्रयदात्याने आश्रिताच्या ग्रंथावर टीका लिहावी, असे उदाहरण क्वचितच आढळेल.

तथापि त्याची स्तुतीच करून थांबणे योग्य नव्हे. व्रतखंडात व्रतांची इतकी गर्दी आहे की, वर्षाचे दिवस संपतील पण व्रते संपणार नाहीत. लोकांना कर्मकांडात गुंतवून ठेवल्याचा दोष पुढील अभ्यासकांनी त्याच्यावर ठेवला, आणि महानुभाव पंथाच्या ग्रंथांतही त्याचे चित्र मित्राचे नाही. त्याच रामचंद्राच्या राज्यात, इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी मराठीत सांगितली गेली. आणि आमच्या हिंगोलीजवळचे नरसी हे ज्यांचे जन्मगाव मानतात ते नामदेव त्याच काळी लहानाचे मोठे होत होते. संस्कृतात व्रते गोळा करणारा प्रधान आणि मराठीत गाणारा शिंप्याचा मुलगा एकाच राजाची प्रजा होते. दोघांपैकी कोण खेड्यापाड्यांतून अधिक टिकला हे सांगावयास नको. परंतु गंमत अशी की, खेड्यातील देवळाच्या भिंतीवर मात्र प्रधानाचे नाव चिकटले.

ते कितपत खरे? मुंबईजवळ अंबरनाथ येथे एक अतिशय सुंदर शिवालय आहे. लोक त्याला बेधडक हेमाडपंती म्हणतात. तेथील शिलालेखात शक ९८२ आहे, म्हणजे इ. स. १०६०. हेमाद्रि देवगिरीच्या दप्तरात बसण्यापूर्वी दोनशे वर्षे ते देऊळ उभे होते. नांदेड जिल्ह्यातील होट्टलची देवळे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळची. सिन्नरचे गोंदेश्वर यादवांचे खरे, पण तेही हेमाद्रीपूर्वीचे मानतात. तात्पर्य, ज्या पद्धतीला आपण हेमाडपंती म्हणतो ती त्याने काढली नाही. ती त्याच्या आधी कित्येक पिढ्या येथील पाथरवटांच्या हाती होती. त्याच्या काळी, राज्य संपन्न असता, दरबाराच्या आश्रयाने बरीच बांधकामे झाली असावीत, आणि जो प्रधान सर्वांच्या तोंडी होता त्याचे नाव त्यांना मिळाले असावे. पुढे लोकांनी त्याच नावाने मागचेही सर्व मोजले. एका श्रीमंत नातेवाइकाच्या खात्यावर गावाची सगळी उधारी लिहावी, तसा हा प्रकार झाला.

मग ती पद्धत तरी कोणती? येथे आम्ही विद्यार्थ्यांस थोडे थांबवू इच्छितो, कारण इमारत पाहणे हे पुस्तक वाचण्यासारखेच शिकावे लागते.

आपल्या भागातला दगड काळा पाषाण, ज्वालामुखीच्या रसापासून झालेला. तो कठीण असतो व वजनाला भारी असतो. पाथरवट टाकी-हातोड्याने त्याचे चिरे असे घडवी की, एकावर एक ठेवले असता मध्ये फट राहू नये. गुण्याने कोपरा पाही, ओळंब्याने भिंत पाही. चुना नाही, माती नाही. एका दगडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी खुंटी, आणि उरलेले काम वजनाचे. जितका वरचा भार अधिक तितका खालचा सांधा घट्ट. चुन्याने चिकटविलेली भिंत चुना मेला की खचू लागते. ही भिंत चिकटलेलीच नव्हती, म्हणून तिचे सुटण्याजोगे काही नव्हते. अर्थात झाडाचे मूळ सांध्यात शिरले, किंवा कोणी गोठ्यासाठी कोपऱ्याचा चिरा काढून नेला, तर ही युक्तीही हरते. खेड्यांतील निम्मी देवळे राक्षसांनी अर्धवट टाकलेली नसून अशीच ओसरलेली आहेत.

छताचा प्रश्न त्याहून अवघड. दगड दाब सोसतो, परंतु ताण सोसत नाही. दोन खांबांवर लांब दगडी तुळई टाकली तर ती आपल्याच भाराने खालच्या अंगाने तडकू पाहते. म्हणून खांब जवळजवळ घ्यावे लागतात, आणि म्हणूनच जुन्या सभामंडपात खांबांची दाटी असते. ग्रीस देशातील अथेन्सचे पार्थेनॉन मंदिर इसवी सनापूर्वी ४४७ ते ४३२ या काळात बांधले. तेही खांब व तुळई यांचेच, आणि तेथेही चुना नाही. आमच्या प्रार्थनामंदिरांच्या दारांवर जी कमान दिसते, किंवा विजापूरच्या गोल घुमटावर जो प्रचंड घुमट दिसतो, ती युक्ती निराळी. तेथे प्रत्येक दगड किंवा वीट शेजाऱ्याला दाबून धरते, आणि भार बाजूंनी खाली उतरतो.

येथील पाथरवटाने कमान न घेता दोन उपाय केले. पहिला उपाय असा. चार तुळयांचा चौकोन झाला की त्याच्या चारही कोपऱ्यांवर तिरपे दगड ठेवावे. आत एक लहान चौकोन उरतो, तोही तिरपा. पुन्हा त्याच्या कोपऱ्यांवर चार दगड. दर वेळी उघडी जागा निम्मी होते. बारा फुटांचा चौक असेल तर मोकळी जागा १४४ चौरस फूट. पहिल्या फेरीनंतर ७२, दुसरीनंतर ३६, म्हणजे अवघा सहा फुटांचा चौकोन. तो एका मोठ्या शिळेने झाकता येतो, आणि त्या शिळेच्या खालच्या अंगास कमळ कोरले की काम झाले. पुढच्या वेळी कोणत्याही जुन्या मंडपात मान वर करून हे चौकोन मोजावेत.

दुसरा उपाय घरी करून पाहता येईल. सारख्या आकाराची पाच पुस्तके घ्या. टेबलाच्या काठावर एकावर एक रचा, आणि सर्वांत वरच्यापासून आरंभ करून प्रत्येक पुस्तक तोल जाणार नाही इतके थोडे थोडे पुढे सरकवा. पहिले अर्ध्याइतके पुढे जाईल, दुसरे पावाइतके, तिसरे सहाव्या हिश्शाइतके, असे कमी कमी. हात स्थिर असेल तर सर्वांत वरचे पुस्तक पूर्णपणे टेबलाच्या बाहेर येईल, तरी पडणार नाही. देवळात हेच चारही बाजूंनी करतात. दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत येतो, त्याच्या मागच्या टोकावर भार ठेवतात, आणि शेवटी चारही बाजू मध्यभागी भेटतात. आमच्या मते ही युक्ती लंकेहून आलेल्या कोणत्याही राक्षसापेक्षा अधिक चमत्कारिक आहे.

आता हे सर्व डोळ्यांत ठेवून औंढ्यास चला. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून त्याची ख्याती आहे, आणि दर्शनासाठी सभामंडपातून अरुंद वाटेने खाली भुयारासारख्या गाभाऱ्यात उतरावे लागते. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले अशी कथा येथे सांगतात, आणि नंदी मागच्या बाजूस राहिला याचा दाखला देतात. आम्ही मात्र मुलांना आधी बाहेरून प्रदक्षिणा घालण्यास सांगू. भिंत सरळ जात नाही. ती सारखी कोन करीत जाते. एक चौकोन मध्याभोवती थोडा थोडा फिरवीत काढला तर जो चांदणीसारखा आकार होतो, त्यावर हा आराखडा बसविलेला आहे. या कोनांमुळे सकाळपासून सायंकाळपर्यंत भिंतीवर ऊन आणि सावली यांच्या उभ्या पट्ट्या सरकत राहतात, आणि एवढा जड दगड हलका वाटतो. खाली जोत्याजवळ हत्तींची रांग कोरलेली आहे. देवळाचा सारा भार हत्तींनी पाठीवर घ्यावा, ही त्यातली कल्पना. हेमाद्रि हत्तीस्वारांचा अध्यक्ष होता हे आठवून येथे क्षणभर हसू येते. तो या ओळीपुढे उभा राहिला असता तर कदाचित कोणत्या हत्तीची चाल चुकली आहे ते सांगून गेला असता.

मग मान वर करावी. काही उंचीपर्यंत काळे घडीव चिरे आहेत. त्याच्यावर एकाएकी दगड संपतो, आणि वीट-चुन्याचे, गिलावा केलेले, निराळ्या घाटाचे शिखर सुरू होते. खालचा भाग यादवकाळचा, वरचा पुष्कळ नंतरचा. जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांना देते. त्या इ. स. १७९५ मध्ये निवर्तल्या. म्हणजे खालच्या आणि वरच्या भागांत पाच शतकांचे अंतर धरावे. मूळचे शिखर पडले होते, आणि पुढच्या लोकांनी आपल्या काळच्या साहित्याने ते पुरे केले. पडलेले देऊळ तसेच सोडावे की नव्या रीतीने पुरे करावे, हा वाद विद्वान करोत. औंढ्याच्या गावकऱ्यांना पूजेसाठी छप्पर हवे होते. आमचे दुःख निराळे आहे. आज पुष्कळ गावांत सातशे-आठशे वर्षांच्या कोरीव खांबांवर भक्तिभावाने तैलरंगाचे थर चढविले जातात, फरशी बसविण्यासाठी जोत्यावरची नक्षी फोडली जाते, आणि हे करणारी माणसे आपले देऊळ हेमाडपंती आहे असे अभिमानाने सांगतही असतात. नाव जपले जाते व दगड जातो.

नावाविषयी आणखी एक गोष्ट मनात येते. पार्थेनॉनच्या शिल्पज्ञांची नावे, इक्तिनस व कॅलिक्रेटिस, जगाला अडीच हजार वर्षे ठाऊक आहेत. मुंबईच्या बोरीबंदरची भव्य इमारत १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये पुरी झाली. तिचा आराखडा स्टीव्हन्स याने केला हे शाळेतील मूलही सांगू शकते. औंढ्याची ती चांदणी कोणी आखली? छतातले कमळ कोणाच्या हातचे? ती माणसे पाथरवटांची व सुतारांची. शिल्पशास्त्र त्यांना बापाकडून मुलाकडे तोंडी मिळालेले. दप्तरात त्यांची नावे चढली नाहीत. ज्याच्या हाती दप्तर होते त्याचे नाव मात्र त्यांच्या सर्व कामावर चढले. यात हेमाद्रीचा अपराध नाही. त्याने आपल्या ग्रंथांत आपल्या कुळाचे व राजाचे गुणगान भरपूर केले आहे, परंतु देवळे बांधण्याची रीत मी काढली असे तो म्हणत नाही. हे श्रेय त्याच्या गळ्यात आपण घातले.

रामचंद्राची कारकीर्द दीर्घ झाली, पण तिचा शेवट चांगला झाला नाही. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक देवगिरीवर आला आणि अपार लूट घेऊन गेला. १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपुष्टात आले. १३१० च्या पुरुषोत्तमपुरीच्या ताम्रपटात प्रधान म्हणून पुरुषोत्तम याचे नाव येते. हेमाद्रि तोवर पडद्याआड गेला होता. त्याचे दप्तर राहिले नाही. ज्या कचेरीत बसून त्याने इतके कागद लिहिले तिची जागाही देवगिरीच्या अवशेषांत आता कोणी दाखवीत नाही.

एका ठिकाणी मात्र त्याचे नाव देवळाच्या दगडावर खरोखरच आहे, आणि ते औंढ्यास नसून पंढरपुरास आहे. विठ्ठलाच्या देवळासाठी ज्यांनी ज्यांनी द्रव्य दिले त्यांची नोंद तेथील एका शिळेवर शके ११९५ ते ११९९ या काळात, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ मध्ये, कोरली गेली. त्यात राजा रामचंद्र आहे, हेमाद्रि पंडित आहे, आणि त्यांच्याबरोबर गावोगावचे इतर पुष्कळ देणगीदार आहेत. प्रधान म्हणून नव्हे, बांधणारा म्हणूनही नव्हे. वर्गणी देणाऱ्यांपैकी एक म्हणून. या शिळेला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत पडली, तिला चौऱ्याऐंशीची शिळा म्हणू लागले, आणि शतकानुशतके वारकऱ्यांच्या पाठींनी तिची अक्षरे झिजत आली आहेत.